घामाचा तुटवडा

महाराष्ट्रात एप्रिल लागला की नागपूरकर आणि मुंबईकर यांच्यात एक ठरलेलं भांडण होतं. नागपूरकर म्हणतो, "पस्तीस डिग्रीला तुम्ही उन्हाळा म्हणता? आमच्याकडे पंचेचाळीसला पोरं क्रिकेट खेळून राहिले ना भाऊ." मुंबईकर म्हणतो, "अहो, डिग्रीचं काय घेऊन बसलात, ह्युमिडिटीचं बोला." यावर नागपूरकर ठेवणीतलं पान टाकतो, "पण आमच्याकडे घाम येत नाही!" तिथेच बसलेला पुणेकर मग पूर्वी पुण्यात पंखेच लागत नव्हते, एवढं सांगून उठून जातो.

नागपूरला घाम येतो. चांगला लिटरनं येतो. कोरड्या हवेत तो दिसायच्या आत उडून जातो, इतकंच. उडताना लिटरमागे साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता अंगातून काढून नेतो, आणि घामाची नेमणूक त्यासाठीच झालेली आहे. मुंबईची हवा आधीच पाण्यानं गच्च भरलेली, त्यामुळे घामाला उडायला जागा मिळत नाही. तो कपाळावरून भुवईत, भुवईतून डोळ्यात आणि मानेवरून पाठीच्या पन्हळीनं थेट कमरेच्या पट्ट्यापर्यंत प्रवास करतो आणि वाटेत कुठेही गारवा देत नाही. थोडक्यात, नागपूरचा घाम काम करतो पण दिसत नाही, मुंबईचा दिसतो पण काम करत नाही. (इथे एखाद्या सरकारी खात्याचं नाव घ्यायचा मोह होतो, तो आवरतो.)

एवढं सगळं अंगावरून वाहिलेल्या माणसाला आता पुढची बातमी कशी वाटेल, तुम्हीच सांगा. जगातल्या नामांकित प्रयोगशाळांपुढे सध्या एक अडचण उभी आहे, ती म्हणजे माणसांना घाम येत नाही. निदान हवा तेवढा, हवा तेव्हा येत नाही.

प्रकरण असं आहे. रक्त तपासायचं तर सुई टोचावी लागते. लघवी तपासायची तर बाटली घेऊन रांगेत उभं राहावं लागतं आणि रांगेत नेमका ओळखीचाच कुणीतरी भेटतो. घाम मात्र न बोलावता बाहेर येतो. त्यात मीठ असतं, पोटॅशियम असतं, स्नायू राबले की तयार होणारं लॅक्टेट असतं, युरिया, अमोनिया, नावाला साखर, ताण वाढला की वाढणारं कॉर्टिसोल, आणि आदल्या रात्री घेतली असेल तर तीही असते. म्हणजे शरीराची रोजची डायरी आपण आपल्याच सदऱ्यावर लिहीत असतो आणि संध्याकाळी ती साबणाच्या पाण्यात भिजत टाकतो. तेव्हा कातडीलाच एक पातळ सेन्सर चिकटवावा आणि डायरी लिहिली जात असतानाच वाचावी, अशी ही कल्पना. २०१६ च्या जानेवारीत कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठातल्या अली जावे आणि वेई गाओ यांच्या गटानं 'नेचर' या नियतकालिकात असा एक पट्टा मांडला. मनगटाला किंवा कपाळाला बांधायचा. तो साखर, लॅक्टेट, सोडियम आणि पोटॅशियम अशा चौघांची एकाच वेळी हजेरी घेतो, कातडीचं तापमान बघून स्वतःचेच आकडे दुरुस्त करतो आणि सगळं मोबाइलला कळवतो.

पण त्याला घाम हवा. बर्कलीची हवा बारा महिने गुलाबी, खोल्या एसी, माणसं शिकलेली आणि खुर्चीतली. घाम आणायचा कुठून? शेवटी त्यांनी लोकांना जागच्या जागी सायकल मारायला बसवलं. हे ज्यांना झेपत नाही त्यांच्यासाठी दुसरा उपाय आहे. घाम आणणारं औषध कातडीवर ठेवायचं आणि विजेचा बारीक प्रवाह सोडून ते आत ढकलायचं. तेवढ्या चौकोनात मग घाम फुटतो.

मला हे वाचून फार वाईट वाटलं. इकडे ठाण्याहून सकाळी सुटणाऱ्या जलद लोकलमध्ये औषध लागत नाही, वीज तर नाहीच नाही. उलट डब्यातली वीज गेली की घाम दुप्पट येतो. डोक्यावरचा पंखा बंद असतो. कुणीतरी खिशातून कंगवा काढतो, जाळीतून आत घालून पात्याला एक टोला देतो आणि पंखा कुरकुरत फिरू लागतो. त्या कंगव्याच्या मालकाकडे सगळा डबा कृतज्ञतेनं बघतो. दोन मिनिटांनी तो आपल्या जागी वळतो आणि पंखा पुन्हा थांबतो. या डब्यात एका माणसाचा घाम दुसऱ्याच्या दंडावर, दुसऱ्याचा तिसऱ्याच्या बॅगेवर आणि तिसऱ्याचा चौथ्या सीटवर अर्धा टेकलेल्या माणसाच्या पेपरावर असतो. त्या शास्त्रज्ञांना काही मायक्रोलिटर घाम पुरतो म्हणे. एका थेंबात पन्नास-एक मायक्रोलिटर सहज मावतात. कुर्ला ते दादर एवढ्या अंतरात आम्ही त्यांच्या अख्ख्या खात्याची वर्षाची बेगमी करून देऊ. अडचण एकच, नमुना नक्की कोणाचा हे सांगता येणार नाही.

विजेनं घाम काढण्याच्या त्या पद्धतीची मात्र थट्टा करवत नाही, कारण तिच्यामागे खरं दुखणं आहे. सिस्टिक फायब्रोसिस नावाचा जन्मजात आजार असतो. तो असलेल्या मुलांच्या फुप्फुसांत चिकट कफ साठतो आणि घाम फार खारट असतो. कपाळाची पापी घेतल्यावर खारट लागणारं मूल जगत नाही, अशी युरोपात जुनी समजूत होती. १९४८ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कमध्ये उष्णतेची लाट आली आणि अंगातलं पाणी-मीठ आटून दवाखान्यात आणलेल्या मुलांमध्ये हीच मुलं जास्त दिसू लागली. पॉल दी सांत-आन्येझे या डॉक्टरच्या ते नजरेत भरलं आणि १९५३ मध्ये त्यानं घामातल्या मिठाचा दाखला मांडला. १९५९ मध्ये गिब्सन आणि कुक यांनी पिलोकार्पिन नावाचं औषध विजेनं कातडीत ढकलून हातावर घाम काढायची पद्धत बसवली. घामात क्लोराइड लिटरला ६० मिलिमोलच्या वर निघालं की निदान जवळपास पक्कं. ही तपासणी आजही अशीच होते. घामावरून रोग ओळखण्याचं सगळ्यात भरवशाचं काम इतकी वर्षं चालू आहे आणि त्याला ना ॲप लागलं ना ब्लूटूथ.

घाम मोजायचा नाद त्याच्याही फार आधीचा. इटलीतल्या पादुआचा सांतोरियो नावाचा वैद्य एका मोठ्या तराजूला खुर्ची टांगून तिच्यात बसत असे. जेवायच्या आधी वजन, जेवल्यावर वजन, झोपून उठल्यावर वजन, आणि शौचाला जाऊन आल्यावरही वजन, दोन्ही बाजूंचं. हे त्यानं जवळजवळ तीस वर्षं केलं. निष्कर्ष असा निघाला की दिवसाला आठ पौंड खाल्लं-प्यायलं तर त्यातलं पाच पौंड डोळ्यांना न दिसणाऱ्या घामावाटे नुसतं उडून जातं. (त्यात श्वासातली वाफही होती, पण एवढं तप केलेल्या माणसाला किती टोकायचं?) त्याचं पुस्तक १६१४ मध्ये आलं. त्या सुमाराला आपल्याकडे मलिक अंबर जमिनीची प्रतवारी लावून सारा ठरवण्याच्या मागे होता. दोघांचाही प्रश्न एकच, आत किती गेलं, बाहेर किती आलं आणि मधलं कुठे मुरलं. मलिक अंबराला निदान उत्तरासाठी दुसऱ्याला धरता येत होतं.

आता सांतोरियोच्या खुर्चीची घडी करून तिची चिकटपट्टी झाली आहे. ती मला जवळून बघायला मिळाली ती भाच्यामुळे. तो जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनच्या तयारीला लागलाय. म्हणजे रविवारी पहाटे ठाण्यातल्या येऊरचा चढ पळत चढतो आणि उरलेला आठवडा त्याबद्दल बोलतो. त्याच्या मित्रानं परदेशातून घामपट्ट्यांचं पाकीट आणलं. पट्टी एकदाच वापरायची आणि फेकून द्यायची. किंमत ऐकल्यावर माझ्या आईनं, म्हणजे त्याच्या आजीनं, एवढंच विचारलं, "धुऊन वाळवली तर चालत नाही?"

वस्तू मोठी देखणी. अर्ध्या तळहाताएवढी, साईसारखी मऊ, पारदर्शक. खालच्या अंगाला बारीक भोकं. त्यातून घाम आत शिरतो आणि नागमोडी नळीतून पुढे सरकतो. नळी दोऱ्याएवढी. आत सेल नाही, पंप नाही, तार नाही. घामाच्या ग्रंथींचा स्वतःचा दाबच घामाला पुढे ढकलतो. आपल्या अंगात असे वीस ते चाळीस लाख पंप बसवलेले आहेत आणि त्यांचं आजवर कुणी कौतुक केलेलं नाही. घाम आत गेला की नळीत केशरी रेघ उमटते. जितका घाम जास्त, तितकी रेघ लांब. शेजारच्या कप्प्यात जांभळा रंग येतो. जितकं मीठ जास्त, तितका तो गडद. पळून झालं की पट्टीसमोर मोबाइलचा कॅमेरा धरायचा, ॲप रंग वाचतं आणि हिशेब सांगतं. अशा पट्ट्यांचं कूळ शोधत गेलात तर अमेरिकेतल्या नॉर्थवेस्टर्न विद्यापीठातल्या जॉन रॉजर्स यांच्या प्रयोगशाळेपर्यंत जाऊन पोचाल. त्यांनी ॲरिझोनातल्या टूसॉन शहरातल्या लांब पल्ल्याच्या सायकल शर्यतीत स्वारांच्या हातावर अशी पट्टी लावून बघितली होती. ॲरिझोना म्हणजे वाळवंट. तिथला घाम नागपुरी.

येऊरला ऑक्टोबरात पट्टीची परीक्षाच झाली. चढ निम्मा व्हायच्या आत केशरी रेघ नळीच्या टोकाला जाऊन थडकली. आता पुढचा घाम कुठे मोजायचा? भाचा थांबला, मोबाइल काढला, तर कॅमेऱ्याच्या काचेवर घाम. काच पुसायला टी-शर्ट उचलला, तर तो पिळून काढण्याच्या लायकीचा. शेवटी रस्त्याकडेला काकड्या विकायला बसलेल्या बाईंनी पदर पुढे केला. त्या पदरानं काच पुसल्यावर अमेरिकन ॲपला भारतीय घाम दिसला आणि त्यानं सांगितलं की तुमचा घाम सव्वा लिटरच्या वर गेलेला आहे आणि त्यातून सोडियमही बरंच गेलेलं आहे. बाईंनी न विचारता काकडीला तिखट-मीठ लावून दिलं. पट्टी काढताना हातावरच्या केसांचा जो चौकोन निघाला, तो अजून तसाच आहे. मॅरेथॉनच्या फोटोत तो यावा अशी भाच्याची इच्छा आहे.

घरी आल्यावर त्यानं आजीला आकडा वाचून दाखवला. "आजी, माझा घाम इतरांपेक्षा खारट आहे." आजी म्हणाली, "ते मला कळायला मोबाइल कशाला? तुझा काळा टी-शर्ट वाळला की पाठीवर पांढरे नकाशे उमटतात. तुझ्या मामाच्या सदऱ्यावर कधी उमटले नाहीत." हे शास्त्राला धरून आहे. घामातल्या सोडियमचं प्रमाण माणसामाणसात कित्येक पटींनी बदलतं आणि खारट घामाच्या माणसाच्या गडद कपड्यांवर वाळल्यावर मिठाच्या रेघा राहतात. घरात सुट्टीला येणाऱ्या प्रत्येक भाच्या-पुतण्याच्या सोडियमचा तक्ता आईच्या डोक्यात आहे. फक्त तिचं एकक वेगळं आहे, कोणाचा शर्ट किती वेळ भिजत घालावा लागतो. भाच्याचा रात्रभर. आणि यावर तिचा सल्ला असा की काळं घालू नये. कारण पांढऱ्यावर दिसत नाही.

ॲपचा सल्ला होता, पाणी, मीठ आणि साखर घ्या. या सल्ल्याचा इतिहास सांगण्यासारखा आहे. १९६५ मध्ये फ्लोरिडा विद्यापीठातल्या एका फुटबॉल प्रशिक्षकानं तिथल्या डॉ. रॉबर्ट केड यांना विचारलं की सामना चालू असताना आमच्या खेळाडूंना लघवीला का होत नाही? एवढ्या साध्या प्रश्नावर फार मोठा धंदा उभा राहिला. केड यांनी शोधलं की पोरं घामातच एवढं पाणी आणि मीठ घालवतात की खाली काही उरतच नाही. त्यांनी पाण्यात मीठ आणि साखर घालून एक पेय केलं. ते तोंडात धरवेना. तेव्हा केड यांच्या बायकोनं सुचवलं, यात लिंबू पिळून बघा. संघाचं नाव गेटर्स, म्हणून पेयाचं नाव गेटोरेड. मला त्या अमेरिकेला दोष द्यायचा नाही. पण पाणी, मीठ, साखर, आणि मग बायकोच्या सांगण्यावरून लिंबू, याला आमच्याकडे लिंबू सरबत म्हणतात. ते करायला विद्यापीठ लागत नाही, बायकोचं सांगणं मात्र तिथेही लागलं. पुढे २०२१ मध्ये त्याच पेयाच्या कंपनीनं घामपट्टी बाजारात आणली. आधी सरबत, मग ते कोणाला किती द्यायचं ते सांगणारी पट्टी. आमच्या स्टेशनाबाहेरचा सरबतवाला गिऱ्हाईकाच्या कपाळाकडे एक नजर टाकून "मीठ जास्त टाकू का?" असं विचारतो. पट्टीही तोच आणि सरबतही त्याचंच.

(मीठ-साखर-पाण्याला हसायचा मला तसा अधिकार नाही. १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या छावणीत, बनगावला, कॉलऱ्यानं माणसं मरत होती आणि सलाइन संपलं होतं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ आणि सोडा मोजून पिंपांत कालवून दिलं आणि मृत्यूचं प्रमाण तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आणलं. जगात नंतर ओआरएस म्हणून जे पसरलं, ते हेच.)

मिठाचं ठीक, साखरेचं मात्र अजून जमलेलं नाही. मधुमेह म्हटलं की रोज बोट टोचणं आलं, म्हणून घामातून साखर कळावी अशी सगळ्यांची फार इच्छा आहे. आपल्याकडे तर घरटी एक गिऱ्हाईक आहे. पण घामात रक्ताच्या साधारण शंभराव्या हिश्शाएवढीच साखर उतरते, आणि तीही घाम किती वेगानं येतोय, कातडीवर आधीचं काय लागलंय यावर हलते. लग्नाच्या पंगतीत जिलबी हातात धरून "मी खात नाही हो, फक्त धरलीय" म्हणणाऱ्या काकांच्या बोटावर हा सेन्सर लावला तर तो बिचारा कोणाची साखर सांगेल? जिलबीची सांगेल. मिठाचंही तसंच थोडं आहे. घाम ग्रंथीतून वर येताना वाटेत नळीत मीठ परत शोषलं जातं. घाम सावकाश आला तर मीठ नीट परत जातं, धोधो आला तर जायला वेळच मिळत नाही. त्यामुळे तोच माणूस बागेत फिरताना अळणी आणि बस पकडताना खारट निघतो.

या धंद्यात एक घड्याळ येऊन गेलं. ग्लुकोवॉच त्याचं नाव. २००१ मध्ये त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. ते घाम वाचत नव्हतं. विजेच्या बारीक प्रवाहानं कातडीखालचा द्रव वर ओढायचं आणि त्यातली साखर सांगायचं. बोट टोचायची कटकट जावी म्हणून घेतलेलं हे घड्याळ सुरुवातीला मापात बसवायला बोट टोचूनच घ्यावं लागे. त्याआधी त्याला दोन-तीन तास गरम व्हायला हवे असत. मनगटाला खाज सुटे, लाल चट्टे उठत. आणि सगळ्यात कहर म्हणजे माणसाला घाम आला की ते रुसायचं आणि आकडाच गाळायचं. अचानक घाम फुटणं हे साखर एकदम खाली गेल्याचं ओळखीचं लक्षण, आणि नेमका त्याच वेळी घड्याळाचा मौनव्रताचा मुहूर्त. काही वर्षांत ते बाजारातून गेलं. मला त्याची ठाण्याच्या मे महिन्यात कल्पना करवत नाही. एकतीस दिवस ते एक शब्द बोललं नसतं.

घामाची साक्ष काढायला मात्र लोकांना फार आवडतं. १८८८ मध्ये शार्ल फेरे या फ्रेंच डॉक्टरनं दाखवलं की भावना उचंबळल्या की कातडीतून वीज वाहण्याची तऱ्हा बदलते. पुढे यावरूनच खोटं पकडायच्या यंत्रात बोटांना तारा लावायची प्रथा पडली. आपल्या सर्वोच्च न्यायालयानं २०१० मध्ये सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगून टाकलं की माणसाच्या संमतीशिवाय ही चाचणी करता येणार नाही, कारण स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची सक्ती कोणावरही नाही. म्हणजे भारतात घामाला गप्प बसण्याचा घटनात्मक हक्क आहे. अमेरिकेत तसं नाही. दारू पिऊन गाडी चालवल्याबद्दल सापडलेल्या माणसाच्या घोट्याला तिथलं न्यायालय एक कडं अडकवू शकतं. ते दर अर्ध्या तासानं कातडीतून उडणारी दारू हुंगतं आणि वर कळवतं. महाराष्ट्रात १९४९ च्या कायद्यानं दारू प्यायला आजही कागदोपत्री परवाना लागतो. पण घोट्याला कडं लावायची सूचना अजून कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात आलेली नाही. त्यावर सर्वपक्षीय एकमत असावं.

खरी भीती मला कॉर्टिसोलची वाटते. घामातून ताण मोजणाऱ्या पट्ट्यांवर बऱ्याच प्रयोगशाळा काम करतायत. २०१८ मध्ये स्टॅनफर्डच्या गटानं एक दाखवलीही. हे ऑफिसात पोचायला वेळ लागणार नाही. आधी 'तुमच्या आरोग्याची काळजी' म्हणून वाटतील, सोबत एक बाटली आणि टोपी. मग वार्षिक मूल्यमापनात साहेब म्हणतील, "गेल्या तिमाहीत तुमचा ताण सरासरीपेक्षा कमी दिसतोय. काम कमी पडतंय का?" आणि ज्याचा जास्त दिसेल त्याला म्हणतील, "तुम्हाला ताण झेपत नाही, बढतीचं पुढच्या वर्षी बघू." मधला आकडा गाठायला लोक क्लास लावतील. ठाण्यात त्याच्या दोन शाखाही निघतील.

पण या सगळ्या संशोधनात घाम कोणाचा मोजला जातो, ते बघा. पैसे भरून एसी जिममध्ये जाणाऱ्याचा, छंद म्हणून बेचाळीस किलोमीटर पळणाऱ्याचा, सायकलवीराचा. घामावरची भाषणं मात्र सगळी दुसऱ्याच माणसावर होतात. एक मेला व्यासपीठावर घाम गाळणाऱ्या श्रमिकाचा जयजयकार होतो, आणि त्याच श्रमिकाच्या शेजारी लिफ्टमध्ये उभं राहायची वेळ आली की वक्ते श्वास धरतात. मार्केट यार्डात क्विंटलचं पोतं पाठीवर घेणाऱ्या हमालाच्या दंडाला आजवर कुणी सेन्सर लावलेला नाही. अमेरिकेत आता कामगारांसाठीही पट्ट्या निघाल्यात. फार घाम गेला की त्या दंडावर थरथरतात, म्हणजे थांबा, पाणी प्या, सावलीत बसा. कल्पना चांगली आहे. ती ऊसतोडीच्या फडात आणून बघावी. पहाटे चारला उठून कोयता हातात घेतलेल्या बाईच्या दंडावर दुपारी पट्टी थरथरेल. बाई मुकादमाकडे बघेल. मुकादम वहीत बघेल. उचल आधीच घेतलेली, मोळ्या मोजून द्यायच्या, ट्रॅक्टर उभा. तो त्या थरथरीलाही खाडा लावेल. मग बाई पट्टी काढून पोराच्या झाडाला टांगलेल्या झोळीला चिकटवेल, पोराला तेवढाच खेळ.

तेव्हा ज्याच्याकडे घाम आहे त्याच्याकडे पट्टी नाही, आणि ज्याच्याकडे पट्टी आहे त्याला घामासाठी सायकल मारावी लागते. शास्त्रज्ञांच्या हे ध्यानात आलं असावं, कारण त्यातल्या काहींनी आता घाम न गाळता घाम मिळवायचं ठरवलंय. सॅन डिएगोला जोसेफ वांग यांच्या गटानं २०२१ मध्ये बोटाच्या टोकाला गुंडाळायची एक पट्टी केली. बोटांची टोकं दिवसरात्र थोडी थोडी घामेजत असतात, हवेत वाळतं म्हणून कळत नाही. ही पट्टी तो घाम टिपते आणि त्यातल्या लॅक्टेटवर वीज तयार करते. माणूस दहा तास झोपला तर एका बोटातून जवळजवळ ४०० मिलिज्यूल. एक हातघड्याळ दिवसभर चालेल एवढी. तीच पट्टी लावून तासभर संगणकावर टाइप केलं, माउस दाबला, तर सुमारे ३० मिलिज्यूल. मी ताबडतोब भागाकार केला. झोपेत ताशी चाळीस, कामात ताशी तीस. हा कागद मी लॅमिनेट करून ऑफिसच्या पाकिटात ठेवलाय.

बायको गणितात पक्की. ती म्हणाली, "दहाही बोटांना लावलीस तर रात्रीचे चार ज्यूल. तुझ्या मोबाइलची चार हजार एमएएचची बॅटरी म्हणजे पंचावन्न हजार ज्यूल. एकदा पूर्ण चार्ज व्हायला तुला साडेसदतीस वर्षं रोज दहा तास झोपावं लागेल."

"कुंभकर्णाला?" मी विचारलं.

"सहा महिने, चोवीस तास?" तिनं पाकिटामागे आकडेमोड केली. "तीन टक्के. बोटं आपल्याएवढीच धरलीयत."

तीन टक्के म्हणजे उठल्या उठल्या रावणाचा एक फोन येईल. "दादा, आधी सीतेला परत पाठव" एवढं तो म्हणेल, आणि "आधी" पर्यंतच ऐकू जाईल.